आईचे गुडघे आणि माझी कंबर

माझ्या लग्नात मी एकही विधी पाटावर बसून केला नाही. सगळे खुर्चीत बसून केले. माझ्या सासरवाडीला त्याचं कारण अजूनही नीट पटलेलं नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. माझं लग्न ठरलं आणि नेमक्या त्याच वेळी आईच्या गुडघ्यांतल्या संधिवातानं उचल खाल्ली. उठताना "आगं आई गं", बसताना त्याहून मोठ्यानं. तिला एकच घोर लागलेला.

"बाळू, देवकाला मला पाटावर बसता आलं न्हाय तर रं? पोराच्या लग्नात आई खाटंवर? लोक काय म्हनतील!"

मी तिला निपाणीहून बेळगावला, कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गुडघे तपासले, थोड्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "खाटेवर बसा, पाय सरळ करा, जरा वेळ धरा, खाली सोडा. रोज सकाळ-संध्याकाळ."

बस्स! इंजेक्शन नाही, पट्टा नाही! एवढे धक्के खात आलो ते पाय हलवायला? (पाय काय निपाणीत हलत नव्हते?) आई मात्र इमानदारीत सुरू झाली. मी येताजाता टिंगल करायचो, "आई, झोपाळा चालू झाला काय गं?"

देवक जवळ आलं तसा माझाच धीर सुटला. मी तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. तिथं एकानं सांगितलं, "सदलग्याला एक वस्ताद हाय. तालमीत हाडं बसवतोय. एक झटका, की मानूस पळत घरला!" मला असंच काहीतरी पाहिजे होतं.

आई म्हणाली, "मला त्या झोपाळ्यानं बरं वाटाय लागलंय रं." पण मी ऐकतोय कशाला?

तालमीत मारुती, त्यामुळं बायकांना आत मज्जाव. काठी टेकत आलेल्या आईला बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि बोलणी करायला नारळ घेऊन मी एकटाच आत गेलो. इथंच घात झाला! तिथला रिवाज असा, की मारुतीपुढं जो नारळ ठेवेल त्याचीच हाडं वस्तादांनी बसवायची. हे मला कोण सांगणार? नारळ ठेवून वळलो, तर दोन पैलवानांनी माझे दोन खांदे धरले.

"वस्ताद, गुडघं दुखत्यात, पर ते माझं..."

"सांगायचं न्हाय. माझा हात बगतोय," म्हणत वस्तादांनी मला लाल मातीत पालथा घातला.

"अवं, आई..."

"व्हय, हितं समद्यास्नी आईच आठवती."

"माझं कायबी दुखत न्हाय वो!"

"भ्याली की समदी असंच म्हनत्यात. सुम्म कुंद्र!" (कानडीत सांगितलं की माणूस जास्त गप्प बसतो, असा त्यांचा समज असावा.) त्यांनी माझ्या कमरेवर गुडघा रोवला, माझा पाय उचलून माझ्याच कानाशी आणला आणि कड्ड! संकेश्वरपर्यंत ऐकू जाईल अशी बोंब मी ठोकली.

मग जे झालं त्यानं अख्खी तालीम हादरली. दारातून आई आत आली. चालत नव्हे, पळत! मारुतीच्या तालमीत बाई! लंगोटावरचे पैलवान सैरावैरा धावले. एक तर मारुतीच्याच मागं दडला! काठी उगारून आई ओरडली, "सोड माझ्या पोराला! नवरदेव हाय त्यो!"

वस्तादांचा हात सुटला. "आक्का, मग गुडघं कुनाचं दुखत्यात?"

"माझं!"

"तुमचं? मग पळत कशा आलासा?"

आईनं खाली, आपल्याच पायांकडं बघितलं. काठी टेकायची राहूनच गेली होती. मी मातीत आडवा, आणि तरी मला आधी आनंदच झाला.

"डागदरचा झोपाळा," ती हळूच म्हणाली. "दुखत्यात अजून. पर आता ऐकत्यात माझं."

देवकाला आई पाटावर बसली, ताठ! शेजारी खुर्चीत मी, वाकडा. सासऱ्यांनी न राहवून विचारलं, "विहीणबाई, मुलगा आधीपास्नंच असा हाय काय?" आता आई माझी बाजू घेईल म्हणून मी कान टवकारले.

"न्हाय वो, चांगला होता. पर व्यायाम म्हनून करत न्हाय!"

लग्नानंतर त्याच डॉक्टरांनी मलाही व्यायामच दिला. सकाळी खाटेवर आईशेजारी बसून मी कण्हत पाय सरळ करत होतो. नवी नवरी चहा घेऊन आली. तिनं एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "आत्या, ह्यांचं खरं वय काय वो?"