दचकणं नव्हतं ते

माझी मुलगी जन्मली तेव्हा रडली नाही. नर्सबाईंनी तिची पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या, नळीनं तोंडातलं ओढून काढलं, तेव्हा कुठं मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला. "रडली, रडली," म्हणत सगळ्यांनी सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी आम्ही तेलगावच्या पलीकडच्या आमच्या गावी, घरी आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या मांडीवर होती. तिचा डावा हात हलायला लागला. लेकरं हात हलवतात तसा नव्हे. एका लयीत, सारख्या अंतरानं, ठक ठक ठक. डोळे एका बाजूला लागलेले. तोंडात काही नसताना ओठ चोखत होते. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणायची.

"सटवाई हसवायलीय तिला," आत्या म्हणाल्या.

आमच्या घरात रोज बुद्धवंदना व्हायची, पण सटवाई काही उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. मी लेकीचा हात मुठीत धरला. थोरल्या जावेची तीन लेकरं मी अंगाखांद्यावर वाढवली होती. ती दचकली की हात धरायचा, हात थांबायचा. हा थांबला नाही. माझ्या मुठीच्या आत तो तसाच ठोके देत राहिला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला नीट उघडूनही बघितलं नाही. "बाळं दचकतातच. पहिलंच ना?"

"दचकणं न्हाई ते, साहेब. धरलं तरी थांबत न्हाई."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. पण हात माझ्या मुठीत होता."

त्यांना राग आला. मलाही आला होता. मी ओली बाळंतीण, कानाला फडकं बांधलेली, तशीच नवऱ्याला म्हणाले, "गाडी बघा. मोठ्या दवाखान्यात जायचं."

मोठ्या सरकारी रुग्णालयात एक डॉक्टरबाई होत्या. तान्ह्या बाळांना येणाऱ्या झटक्यांचाच त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हात धरून पाहिला होता?"

मी रडले ते तेव्हा. आदल्या दोन दिवसांत डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. जन्मताना मेंदूला श्वास कमी पडला होता. तान्ह्या बाळाचा झटका मोठ्यांसारखा नसतो. कधी नुसतं चोखणं, कधी सायकल मारल्यासारखे पाय. म्हणून घरचे ओळखत नाहीत, आणि कैकदा डॉक्टरही ओळखत नाहीत. "औषधानं थांबेल. पुन्हा येणार नाही असं मात्र मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. खोटा धीर न देणारं माणूस मला त्या आठवड्यात पहिल्यांदाच भेटलं.

झटके थांबले. तिसऱ्या वर्षी परत आले, या वेळी अख्ख्या अंगाला. गोळ्या सुरू झाल्या. डावा हात थोडा अधू राहिला. बाकी पोरगी हुशार आणि लई तोंडाळ निघाली.

ती चौथीत असताना सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. शिवारात ऊसच नव्हता, तर सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटणार कसं? माझा नवरा तिथं हंगामी कामगार. तो घरी बसला. मी गावच्या दूध सोसायटीत होते. दूध मापायचं, नमुना घ्यायचा, फॅट मोजायची. जनावरं चारा छावणीत गेली तशी सोसायटीनं संकलनही छावणीतच हलवलं. चारी बाजूंनी निळ्या ताडपत्र्या, मधे टँकरची वाट, सगळीकडे शेणाचा आणि बाहेरून चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांचा वास. शाळा सुटली की पोरगी तिथंच यायची.

एक दिवस दूध घालायला रांग लागलेली असताना ती सगळ्यांसमोर पडली. अंग ताठ, मग झटके. क्षणात गर्दी झाली. एकानं पायातली चप्पल काढली. दुसरा ओरडला, "कांदा आना बे कुनीतरी!" तिसरा तिच्या दातांत चमचा घालायला वाकला.

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की दावणीची म्हैस बिथरली. "चप्पल खाली टाका. तो चमचा बाजूला करा. वारं सोडा."

"अवो, जीभ चावंल पोरगी."

"चावली तर मी बघीन. दात पाडून घ्यायचे न्हाईत मला."

मी तिला कुशीवर केलं, डोक्याखाली पदर घातला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटांच्या आत थांबलं. ती डोळे उघडून म्हणाली, "एवढे लोक कावून जमलेत?" मग झोपून गेली. मी उठून हात धुतले आणि पुढच्या बाईचं दूध मापायला घेतलं.

ती पुढची बाई धनगराची होती, चार म्हशी घेऊन छावणीत राहिलेली. रिकामी किटली धरून ती तशीच उभी राहिली. गर्दी पांगल्यावर हळूच म्हणाली, "माझ्या लेकीलाबी होतंय. कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं तर तिला सून कोन करून घेईल?"

दोन दिवसांनी मी त्या मायलेकींना घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, "मी खेड्यांतल्या लेकरांची पाहणी सुरू करतेय. आमची माणसं घरोघर जातात, आणि सगळीकडून 'नाही'च ऐकून येतात. तुम्ही कराल हे काम?"

सकाळचं संकलन आटोपलं की मी कागद घेऊन हिंडायला लागले. पहिला प्रश्न होता, 'घरातील मुलाला झटके येतात का?' प्रश्न संपायच्या आत दार लागायचं. चौथ्या दिवशी मी तो प्रश्न सोडून दिला. ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे आणि विचारायचे, "तुमचं लेकरू बोलता बोलता एकटक बघत राहतं का? हातातली भाकर खाली पडते का? झोपेतून उठल्यावर जीभ चावलेली असते का?" बाया मग थांबायच्या. एकमेकींकडे बघायच्या. "व्हय," म्हणायच्या.

बाईंच्या हाताखालचे एक सर चिडले. "छापील प्रश्न बदलता येत नाही. अभ्यासाला शिस्त असते."

"मग छापील उत्तर घ्या," मी म्हणाले. "न्हाई, न्हाई, न्हाई. सोपं हाय. घरी बसूनबी भरता येतंय."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझे प्रश्न उतरवून घेतले, दुसऱ्या गावांत विचारून पाहिले, आणि पुढचे कागद नव्यानं छापून आले. त्यात 'भाकर' हा शब्द होता. तो कागद मी कितीदा तरी वाचला.

गावात मात्र कुजबुज वाढली. माझ्यामुळं गावाला 'फिटचं गाव' म्हणतील, पोरींची लग्नं अडतील. एके सकाळी सोसायटीच्या चेअरमननी मला बाजूला घेतलं. "ताई, राग मानू नका. लोक म्हणायलेत, दुधाच्या कॅनला तुमचा हात नको. घरात तसला आजार हाय..."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मी कामाला लागले त्या वर्षी लोक हेच म्हणाले होते, तेव्हा कारण जातीचं होतं. तेव्हा मी रोज वेळेवर जाऊन, रोज बरोबर माप देऊन त्यांची तोंडं गप्प केली. या वेळी गप्प करायची नव्हती. उघडायची होती.

"मी सभासद हाय," मी म्हणाले. "सभा घ्या. सभेत ठरवा."

सभेला मी मुलीला घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत बसले. चेअरमननी घसा खाकरून मांडलं, की सभासदांच्या भावना लक्षात घेऊन संकलनाचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं.

मी उठले. "द्या. पण ठराव लिहा. आणि ठरावात कारण लिहा."

"कारणाची काय गरज?"

"गरज हाय. माप चुकलं? दुधात पानी निघालं? तसं लिहा. लेकीला फिट येते म्हनून काढलं, तर तसं लिहा. आमची जात मनात असंल, तर तेबी लिहा. खाली ज्याला पटतंय त्यानं सही करा. मी तो कागद घेऊन जिल्ह्याला जाईन आणि साहेबासमोर मोठ्यानं वाचून दाखवीन."

सचिव पेनाचं टोपण काढून बसला होता. त्यानं चेअरमनकडे पाहिलं. चेअरमननी खाली पाहिलं. पाठीमागं बायांच्या बाजूला चुळबुळ झाली आणि ती धनगराची बाई उभी राहिली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "माझ्या लेकीला फिट येते. दूध मीच काडते. तुमी सगळे पिलात ना? काय झालं तुमाला?"

कुणीतरी हसलं. मग दुसरी बाई उठली, मग एक म्हातारा उठला, म्हणाला, "माझ्या नातवाला." एवढंच बोलून बसला. ठराव कुणी लिहिला नाही. सचिवानं पुढचा विषय घेतला, पेंडीच्या पोत्यांचा.

सगळे सुधारले असं नाही. काही घरं त्यानंतरही आपली किटली जरा लांबूनच पुढं करायची. शाळेत एका गुरुजींनी मुलीला सहलीला नेलं नाही, आणि त्यांच्याशी भांडूनही मी हरले. डॉक्टरबाईंची बदली झाली. ज्या लेकरांची नावं मी लिहून दिली, त्यांतल्या काहींच्या घरच्यांनी गोळ्या मधेच सोडल्या. मी जाऊन बोलले, सगळ्यांनी ऐकलं असं नाही. धनगराच्या त्या मुलीचे झटके मात्र थांबले. तिचं लग्न झालं. सासरच्यांना आजाराचं आधीच सांगून झालं.

माझी मुलगी बारावीला असताना दोन वर्षं तिला एकही झटका आला नव्हता. बोर्डाच्या परीक्षेत, इंग्रजीच्या पेपराला आला. शुद्धीवर आली तेव्हा पर्यवेक्षक तिची उत्तरपत्रिका गोळा करून म्हणत होते, "बाळ, तू घरी जा. तब्येत महत्त्वाची."

तिनं विचारलं, "सर, किती वाजले?"

"अजून पाऊण तास आहे. पण—"

"मग पेपर द्या माझा."

त्यांनी दिला. जीभ चावलेली, केस मातीनं भरलेले, तशी ती बसली आणि लिहीत राहिली. बाहेर येऊन मला म्हणाली, "माय, शेवटचं पत्र काय लिवलंय मलाच ठाऊक न्हाई."

त्या पेपरात ती नापास झाली. पुढच्या फेरपरीक्षेला परत बसली आणि पेपर सुटला.