सरोवराकाठची एस्नार्ट आणि बीपीची पट्टी

जुळे सोलापुरातून स्टेशनला निघाले, तेव्हा माझ्या बॅगा बघून रिक्षावाल्याने विचारलंच, “मॅडम, लई लांब निघालाय वाटतं?”

“आफ्रिकेला.”

“सिंव्ह बगायला व्हय?”

“नाही हो, लोकांचं बीपी बघायला.”

“त्याला आफ्रिकेला कशाला जाताव? माजं बगा की, हितंच, फुकट!”

हसत हसत निघाले होते, हे मुद्दाम सांगते. कारण पुढे फारसं हसू नाही.

घरोघरी जाऊन आजार मोजणं हे माझं काम. किती जणांना बीपी, किती जणांना साखर, तंबाखू कोण खातं, मीठ किती खातात, डोकं केव्हापासून दुखतं. भवानी पेठेपासून मंगळवेढ्याच्या वस्त्यांपर्यंत उंबरठे झिजवलेत. मलावी देशात असंच सर्वेक्षण चाललं होतं आणि तिथल्या नव्या कार्यकर्त्यांना शिकवायला कुणी मुरलेलं माणूस हवं होतं. तीन आठवडे, तिकीट त्यांचं. पन्नाशी उलटल्यावर असं बोलावणं आलं तर नाही कोण म्हणेल?

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. पिवळ्या तापाची लस वेळेवर घ्या, ती ठरावीक केंद्रांवरच मिळते. मुंबईहून अदिस अबाबा, तिथे विमान बदलायचं, मग लिलाँग्वे. शहरात कार्ड चालतं, गावात नाही. रोख जवळ ठेवा. लिलाँग्वेहून सरोवराकडे जाणारा रस्ता बरा आहे, पण पेट्रोलचा भरवसा नाही. आमची गाडी पंपाच्या रांगेत अर्धा दिवस उभी होती. आमचा ड्रायव्हर सीट मागे टाकून निवांत झोपला, मी मात्र कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून आजूबाजूच्यांना वाटली. दोन-तीन जण तिखटाने नाचले.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये. तिथे मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते, न्सिमा म्हणतात तिला. हाताने गोळा मोडायचा आणि भाजीत बुडवायचा. भोपळ्याच्या पानांच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात, हे पाहून तर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. गावातल्या खानावळीत दोघांचं जेवण आपल्याकडच्या एका साध्या थाळीच्या पैशांत होतं.

आणि सरोवर! अगं बाई, पलीकडचा काठच दिसत नाही. सोलापूरच्या माणसाला एवढं गोडं पाणी एका जागी बघायची सवय नाही. चप्पल काढून धावणार, तेवढ्यात थोकोने दंड धरला. थोको ही तिथली आरोग्य कार्यकर्ती, माझी दुभाषी आणि पुढचे तीन आठवडे माझी सावली. काठच्या पाण्यात गोगलगायी असतात, त्यांच्यातून निघणारा एक जंत आपल्या कातडीतून आत शिरतो आणि लघवीतून रक्त जायला लागतं. तुम्हीही फोटो लांबूनच काढा. समोर बायका कमरेएवढ्या पाण्यात भांडी घासत होत्या. मी थोकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “यांना माहीत आहे. दुसरं पाणी कुठंय?”

तिथेच एस्नार्ट भेटली. माझ्याच वयाची, बांबूच्या मांडवांवर बोटाएवढे मासे वाळत घालणारी, आणि अशी मोठ्याने हसणारी की काठावरचे बगळे उडावेत. डोकं कधीपासून दुखतं, हा आमचा प्रश्न. “नवरा गेला तेव्हापासून,” ती म्हणाली आणि पुन्हा हसली. दंडाला पट्टी बांधली, यंत्राने आकडा दाखवला. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. एवढा आकडा घेऊन ही बाई माशांच्या पाट्या उचलत होती.

आमच्या कामाची रीत अशी की एकदा मोजून कुणाला बीपी आहे असं म्हणायचं नाही. माणूस घाबरलेला असतो, चालून आलेला असतो. म्हणून आकडा जास्त आला की लागोपाठ तीन सकाळी बोलवायचं, शांत बसवायचं, पुन्हा मोजायचं, आणि मगच दवाखान्याची चिठ्ठी द्यायची. रीत बरोबर आहे. मीच सगळ्यांना घोटून घोटून शिकवली.

एस्नार्ट तिन्ही सकाळी आली. अंघोळ करून, नवी छिटाची चितेंजे, म्हणजे तिथल्या बायका कमरेला लुंगीसारखं लावतात ते कापड, गुंडाळून, पहिला नंबर लावून. पट्टी फुगायला लागली की डोळे मिटायची आणि हवा सुटली की लांब श्वास सोडायची. आकडा तसाच. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी दिली, तर तिने माझे दोन्ही हात धरले आणि भडाभडा बोलली.

“काय म्हणते?”

थोको म्हणाली, “पहिल्या दिवशी पट्टी बांधली तेव्हाच डोकं दुखायचं थांबलं म्हणते. आता दवाखान्याचं काय काम, विचारते.”

थोकोने तिला समजावलं, मी हातवारे करून समजावलं. हे मोजणं आहे, औषध नाही. एस्नार्ट मान डोलवत राहिली. आपल्याकडेही पाहुण्याचा मान राखायला अशीच मान डोलावतात.

प्रकल्पप्रमुखांना म्हटलं, आपण गोळ्याच जवळ ठेवू या. सभ्य माणूस, आवाजही चढवला नाही. म्हणाले, “ताई, आपल्याला औषध द्यायची परवानगी नाही. आपले आकडे वर सरकारकडे जातील, मग औषधं येतील.” वरातीमागून घोडं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुट्टीच्या दिवशी गाडी मागून घेतली आणि एस्नार्टला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. धूळ खात, हाडं खिळखिळी करून घेत पोचलो. रांग लावली, तपासलं, डॉक्टरांनी गोळी लिहूनही दिली. औषधाच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, “ही गोळी संपलीय. कधी येईल सांगता येत नाही.” आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बाजारातल्या दुकानातून मी दोन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या. फार पैसे पडले नाहीत, पण एस्नार्टला ते परवडले नसते. रोज एक, दुखो न दुखो, असं थोकोने तिच्याकडून म्हणून घेतलं. निघायच्या दिवशी एस्नार्टने वाळलेले मासे बांधून दिले. मी खात नाही, हे सांगायचा धीर झाला नाही. थोकोच्या घरी ठेवून आले.

सोलापूरला परतून महिना झाला असेल. दुपारी सासूबाईंबरोबर चहा घेत होते, तेवढ्यात थोकोचा फोन आला. एस्नार्ट मांडवापाशी पडली. एक बाजू गेली, बोलणं गेलं, आणि दोन दिवसांत तीही गेली. मी विचारलं, “गोळ्या?” थोको रडायलाच लागली. गोळ्या डब्यात जशाच्या तशा होत्या. शेजारणीने मागेच विचारलं होतं, का खात नाहीस? तर एस्नार्ट म्हणाली होती, “मी बरी आहे. त्या भारतातल्या बाईंनी तीन दिवस पट्टी बांधून मला बरं केलं. महागाच्या गोळ्या कशाला संपवू? लेकीला कधी दुखलं तर होतील.”

फोन ठेवला आणि मी हमसून हमसून रडले. अजूनही मधूनच भडभडून येतं. आम्ही तीनदा जास्तीचं मोजलं नसतं, तर कदाचित तिला एवढी खात्री वाटली नसती. आणि मोजलं नसतं, तर आकडा खोटा ठरला असता. कुठूनही विचार केला तरी ती मरतेच. सर्वेक्षण उत्तम झालं असं पत्र आलंय. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलंय.

तुम्ही जरूर जा. सरोवर सुंदर आहे, माणसं त्याहून चांगली आहेत. मला मात्र तिथून जिवाला बरं वाटेल असं काही घेऊन येता आलं नाही.

सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी त्या दुपारी सगळं ऐकून घेतलं. चहा गार झाला होता. मग विचारलं, “तिला बीपी हाय हे तुमाला कळलं. तिला मातुर न्हाय कळलं. मग येवडं मोजलं कुनासाठी गं?”

मी कप उचलून आत गेले.