आईची अडलेली प्रार्थना

लेकीला ऑपरेशनला आत नेलं आणि गावाहून आलेला भाऊ माझ्याशेजारी बसला. त्याच्या दुपट्ट्याला मोहफुलांचा वास होता.

लहानपणी एका सकाळी आई आमच्या चामोर्शीच्या अंगणात अशीच फुलं वाळत घालत होती. काका बाबांना ऑपरेशनसाठी नागपूरला घेऊन गेले होते. फुलं पसरता पसरता ती प्रार्थना करत होती. "प्रभू, तुझी इच्छा..." म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, पुढचं विसरली. मी म्हटलं, "पूर्ण होवो."

"तूच म्हण बाई," आई म्हणाली. "मले म्हणता येऊन नाई राह्यलं."

बाबा परत आले नाहीत. पुढे आई ते वाक्य रोज स्वतःच पुरं करायची.

आज प्रार्थना करताना माझाही आवाज तिथंच अडला. भावानं हात धरला आणि उरलेलं तो म्हणाला.