कोषासाठी सोडलेली भिंत

मैत्रिणींनो, आज सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी गॅलरीतल्या कुंड्या काढायला सांगितल्या. कीड होते म्हणे. मी सरळ नाही म्हटलं, आणि घाटकोपरचं सासर आठवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालेलं. गणपतीआधी घराला चुना लावायचं काम चालू होतं. रंगारी गॅलरीत पोचला तेव्हा मला भिंतीवर एक कोष दिसला. आमच्या कढीपत्त्यावरची अळी तिथं हिरव्या कवचात बसली होती.

मी ब्रशच्या आड आले. "भाऊ, एवढा तुकडा सोडा."

सासूबाई चिडल्या. "गणपतीक माणसां येतली. भिंतीर ठिगळ बघून काय म्हणतली?"

"म्हणू दे, आई. आत जीव आहे."

त्या घरात तोवर मी एकदाही उलटून बोलले नव्हते. पण त्या दिवशी जागची हलले नाही. रंगारी ठिगळ सोडून पुढे गेला.

काही दिवसांनी कोष काळा पडला. सासूबाई म्हणाल्या, "मेला गो ता! आता तरी रंग मारूक दी."

मी तरीही ऐकलं नाही.

दुसऱ्या सकाळी कवच फाटलं. चुरगळलेलं, ओलं फुलपाखरू भिंतीला धरून पंख वाळवत होतं. सासूबाईच शेजारणींना हाका मारत सुटल्या!

सगळ्या म्हणाल्या, तुझंच खरं निघालं. पण खरं सांगू? ते मेलेलं निघालं असतं, तरी मला माझ्या हट्टाची लाज वाटली नसती.

तुम्ही सासरी पहिल्यांदा कशासाठी अडून बसलात गं?