बाटलीतले जंतू

फ्रिजच्या मधल्या फळीवर सुनेनं माझ्या गोळ्यांची बाटली ठेवलीय. लिव्हरवर चरबी चढलीय म्हणे. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, यात चांगले जंतू आहेत. गुण येईलच असं नाही, पण घेऊन बघा."

वा रे औषध! देणाऱ्यालाच भरवसा नाही. माझी बायको जन्मभर दुधात जंतूच पोसत होती, विरजण म्हणायची त्याला. कधी टिमकी वाजवली नाही. ती गेली, सुतकात कुणी दही लावलं नाही आणि तिचं विरजणही संपलं. ते आहे का तुमच्या बाटलीत?

काल शेजारची शांता वाटी घेऊन आली. "भाऊजी, वहिनींच्याच विरजणाचं दही हे. मीच मागून नेलं होतं."

त्यातलं चमचाभर घेऊन मी जन्मात पहिल्यांदा दही लावलं. सकाळी भांडं कलतं करून बघितलं, घट्ट लागलं होतं. फ्रिजमधली बाटली कोपऱ्यात सारली आणि तिच्या जागी ते भांडं ठेवलं.