आतेकाकांच्या सुऱ्या

साऱ्या कोकणपट्टीत इतिहास थेट माणसाच्या पोटापर्यंत पोचवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या वडिलांचे आतेभाऊ. इतिहास शिकवायचा पगार मी घेत होतो. पण माझे विद्यार्थी वर्गाबाहेर पडता पडता शिकलेलं विसरत, आणि आतेकाकांचा इतिहास मात्र मालवणातल्या निदान तीस-चाळीस घरांत रोज कांदा चिरत होता. कारण हा गृहस्थ जुन्या लोखंडाच्या सुऱ्या बनवी. जुनं म्हणजे भंगारवाल्याचं नव्हे. किनाऱ्याला लागलेल्या गलबतांचे खिळे, मोडक्या नांगराचा दात, देवळाच्या दरवाजाची काढून टाकलेली साखळी, गंजून चिंध्या झालेली एखादी तलवार, असं काहीतरी वय झालेलं लोखंड असल्याशिवाय ते भट्टी पेटवत नसत. समोर पाण्यात किल्ला उभा होता, पण त्याच्याकडे बघून ते फक्त हात जोडत. "तेका हात लावूचो नाय. तो अजून नोकरीत आसा," असं म्हणत.

ते स्वतः कचेरीत कारकून होते. पन्नास सालानंतर मी मालवणात मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्याच पडवीशेजारच्या खोलीत बिऱ्हाड केलं, तेव्हा रोज संध्याकाळी मला एक चमत्कार बघायला मिळे. काळी टोपी आणि कोट घातलेला माणूस पुढच्या दारानं घरात शिरायचा आणि मागच्या दारानं कमरेला गोणपाट गुंडाळून बाहेर पडायचा. मागच्या अंगणात त्यांची भट्टी होती. घरात आम्हा सर्वांशी मालवणीत बोलणारे काका, सुरीची ओळख करून द्यायची वेळ आली की एकदम कचेरीतल्या मराठीत शिरत. "सदरहू सुरीचे लोखंड देवबागच्या वाळूत प्राप्त झाले असून..." अशी सुरुवात झाली की समोरचा माणूस नकळत ताठ उभा राही.

कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर माणसांवर नसे, बिजागऱ्यांवर असे. माझ्यासाठी जामसंड्याला मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. मुलगी पोहे घेऊन आली, तिच्या वडिलांनी मला दोन प्रश्न विचारले, आणि काका दाराची कडी खालीवर करत बसले. शेवटी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बाकी आमचं काही म्हणणं नाही. ही कडी मात्र आम्हाला द्यावी लागेल." मुलीच्या वडिलांना वाटलं, ही हुंड्याची काही नवी तऱ्हा असावी. ते स्थळ मोडलं. कडी मात्र आली, आणि तिची इतकी सुंदर सुरी झाली की माझं दुःख मलाच आठवेना.

सुरी ते विकत नसत. मनात भरलेल्या माणसाला देत, आणि मग ती नीट नांदते आहे की नाही हे बघायला माहेरच्या माणसासारखे जात. शिरोड्याच्या एका गृहस्थानं त्यांची सुरी शहाळी फोडायला वापरली. काका त्याच्याकडे जेवायला बसले असताना हे त्यांच्या कानावर आलं. ते भरल्या पानावरून उठले, हात धुतले, सुरी पंच्यात गुंडाळली आणि पहिल्या गाडीनं घरी आले.

चुका मात्र त्यांच्याही होत. शेतात नांगराला लागलेला तोफेचा एक गोळा कुणीसा आणून दिला, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. वाडीतल्या लोहारानं, ज्याच्याकडून ते हे सगळं शिकले होते, बजावून सांगितलं, "भाऊनू, ह्या बीड आसा. घण मारल्यार फुटतला." काकांनी ऐकलं नाही. गोळा तापवला, घण घातला आणि त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा काकींनी लोणच्यावर दाब म्हणून ठेवला. दुसऱ्याचं काय झालं कोण जाणे.

खिळ्याचं जुनं लोखंड मऊ असतं, त्याला नुसती धार टिकत नाही. म्हणून काका पात्याच्या खालच्या कडेला मोडक्या कानशीच्या पोलादाची पट्टी जोडत. हे कळल्यावर मी इतिहासाच्या मास्तराला शोभेल अशा छद्मीपणानं म्हणालो, "म्हणजे काका, इतिहास नुसता पाठीला. कापते ती कानसच." तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "मास्तरांनू, सगळ्यांचो इतिहास पाठीकच आसता." मी तो विषय सोडून दिला.

पण या सुऱ्या एका घरात शिरत नव्हत्या, आणि ते घर त्यांचंच होतं. काकी सगळं कापणं चिरणं कुडाळच्या बाजारातून आणलेल्या आडाळ्यावर करत. आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी. काकांनी लग्नापासून किती सुऱ्या त्यांच्यापुढे ठेवल्या असतील! त्या बघायच्या, "बरी आसा" म्हणायच्या आणि आडाळ्यावर बांगडे कापायला बसायच्या. मला वाटे, तलवारीच्या लोखंडाला त्या भीत असाव्यात. काकांना वाटे, धार कमी पडते. म्हणून ते आणखी धार लावत. गावातल्या कुठल्याही बाईनं केलेल्या कौतुकानं त्यांचं समाधान होत नसे, हे मला दिसत होतं.

एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतर समुद्रानं बरीच वाळू ओढून नेली आणि एका जुन्या गलबताचा सांगाडा वर आला. काकांनी त्यातली सागाची एक फळी आणि वीतभर लांबीचे खिळे गाडीत घालून आणले. असं लोखंड त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. आठवड्याभरात त्यांनी त्याची सुरी केली, आणि फळीचा काकींसाठी नवा आडाळो करायचं ठरवलं. फळी पडवीत ठेवून ते कचेरीतल्या मराठीत सांगू लागले, गलबत कसं भरकटलं असेल, खडकावर कसं आपटलं असेल. मीही कुतूहलानं प्रश्न विचारत होतो. काकी फळीवरून हात फिरवत होत्या.

"आणि माणसां?" त्यांनी विचारलं.

"माणसांचं आता कसं कळणार?" काका म्हणाले.

काकींनी फळीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "आमच्या बाबांच्या गलबताचे खिळे पण खंयतरी लागले असतीत. तेंची सुरी करून कोण भाजी चिरता काय, तेवढा इचारून बघा एकदा."

काकींचे वडील तांडेल होते. कौलं भरून कारवारकडे निघालेलं त्यांचं गलबत परत आलं नाही, तेव्हा काकी नऊ वर्षांच्या होत्या. हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. सासरे दर्यात गेले एवढं त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पण पंचवीस वर्षं घरात येणारे खिळे आणि ते सासरे, या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी शेजारी आल्याच नव्हत्या. माझ्याही आल्या नसत्या. त्या दिवसापासून भट्टी विझली. फळी तशीच पडवीत राहिली, आणि काका कोट न काढता झोपाळ्यावर बसू लागले. मला त्यांची फार कणव आली.

मग सर्वपित्री अमावस्या आली. जावयाला सासऱ्यांचं पान मांडता येतं का, हे काका भटजींना आधीच विचारून आले होते. त्या सकाळी त्यांनी ती फळी धुतली, पुसली, माजघरात पाट म्हणून मांडली आणि काकींना म्हणाले, "तुज्या बाबांचा पान ह्या पाटार मांडया."

काकींनी पदर खोचला. स्वयंपाकघरात गेल्या. तांबडा भोपळा चिरायचा होता, आणि अख्ख्या भोपळ्याला पहिली चीर बाईमाणसानं द्यायची नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. त्यांनी भोपळा आणून काकांपुढे ठेवला. काका आडाळो ओढायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तो नको. ती सुरी हाडा, त्या गलबताची."

काकांनी चीर दिली. भोपळा दोन भाग होऊन पडला. काकींनी त्यांच्या हातातून सुरी घेतली आणि उरलेली सगळी भाजी तिनंच चिरली. काका उंबऱ्यात उभे राहून बघत होते. धार कशी आहे हे विचारायची त्यांना हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भाजी पुन्हा आडाळ्यावरच आली. ती सुरी वर्षातून एकदाच, त्याच दिवशी बाहेर निघायची. काका होते तोवर हे चाललं. त्यांना जाऊन वर्ष उलटल्यानंतरच्या सर्वपित्रीला काकींनी मला माझ्या नव्या बिऱ्हाडी बोलावणं पाठवलं. गेलो, तर माजघरात पानं दोन मांडलेली होती. काकींनी भोपळा माझ्यापुढे सरकवला आणि सुरी हातात दिली.

"सांभाळून," त्या म्हणाल्या. "धार तेंची आसा."