भांड्याखालची चिकटपट्टी

परवापरवापर्यंत सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली एक काचेचं चौकोनी भांडं होतं. त्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर दुसऱ्याच बाईचं आडनाव. हे हिने अमेरिकेतून ढापून आणलंय, असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

सिंगापूरला येण्याआधी आम्ही तीन वर्षं अमेरिकेतल्या एका खेडेगावात होतो. नवरा जहाजांच्या इंजिनांचा माणूस, आणि कारखाना समुद्रापासून शेकडो मैलांवर, मक्याच्या शेतात! गावात एक रस्ता, एक चर्च, धान्याची उंच कोठारं. रेल्वे थांबायची तेव्हा इथे दोन हॉटेलं होती, असं शेजारची म्हातारी सांगायची. पुढे रेल्वे थांबेनाशी झाली आणि स्टेशनाची खोली तेवढी उरली. तिथे तिने गावाचं संग्रहालय मांडलं होतं: स्टेशनमास्तरची टोपी, कंदील, बंद पडलेल्या शाळेची घंटा. किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात. कोणी बघायला आलं की ती हात पुसत निघायची. बहुतेक वेळा बघणारी मीच असायचे.

त्याच गावात पाचव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. हॉस्पिटलमधून घरी आलो, तर पायरीवर भांडी. बटाटा-चीज, शेवया-चीज, आणखी कसलं तरी चीज. प्रत्येकाच्या बुडाला नावाची पट्टी. गावाची रीतच तशी: कुणाकडे दुःख झालं की फार बोलायचं नाही, भांडं ठेवून जायचं. त्यातल्या निम्म्या बायकांना तर मी ओळखतही नव्हते.

आठवड्याभरात मी उठले आणि भांडी परत करायला लागले. आता रिकामं भांडं परत देणं माझ्या हातून होणार थोडंच? आईने तसं वाढवलंच नाही. एकात शिरा, दुसऱ्यात साखरभात, तिसऱ्यात पोहे. नवरा म्हणाला, "अगं, पड ना जरा." मी कसली ऐकते! बायका दारात झाकण उचलायच्या आणि गप्प व्हायच्या. मला वाटलं, वेलचीचा वास सोसत नसेल.

शेवटी शेजारची म्हातारी आली. "तुला आमचं काही नको आहे, असं वाटायला लागलंय सगळ्यांना," ती म्हणाली. "इथे भांडं धुऊन द्यायचं, बस्स. भरून दिलंस की आम्ही आणलेलंच परत केल्यासारखं होतं. थोडं तरी राहू दे की आमचं तुझ्याकडे."

तोवर मी रडले नव्हते. तेव्हा रडले, तिच्या खांद्यावर, हमसून हमसून. मग तिचं भांडं द्यायला लागले, तर म्हणाली, "घाई नाही. मन थाऱ्यावर आलं की आण." ते माझ्याकडेच राहून गेलं.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीचा मेसेज आला. म्हातारी गेली, संग्रहालयाला कुलूप लागलं. मी इथल्या मेट्रोत, एमआरटीत होते, तिथेच डोळे वाहायला लागले. इतक्या लांबून कोणाच्या पायरीवर काय ठेवणार? घरी येऊन तिच्याच भांड्यात बटाटा-चीज केलं आणि कॉरिडॉरच्या टोकाला राहणाऱ्या चिनी आंटीला नेऊन दिलं. तिचा नवरा नुकताच वारला होता. इतके दिवस मी नुसती मान हलवून पुढे जात होते, त्याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आंटी दारात. भांडं लख्ख घासलेलं, त्यात संत्र्यांची रास. तिचे डोळे सुजलेले होते.

"आंटी, हे कशाला?"

"एम्प्टी कॅनॉट, लाह!"

अगदी माझी आई! या अवस्थेत ही बाई बाजारात जाऊन आली होती. तेव्हा गावातल्या त्या बायका झाकण उचलून गप्प का व्हायच्या, ते मला आत्ता कुठे नीट कळलं. संत्री मी घेतली. नाही म्हणणारी मी कोण? भांडं मात्र तिच्या हातात परत ठेवलं.

"घाई नाही," मी म्हटलं. "मन थाऱ्यावर आलं की आणा."

आंटीने भांडं उलटं करून पट्टी वाचली.

"ही कोण?"

"माझी शेजारीण," मी म्हटलं.